कोऱ्या रजिस्टरवर सही करू नका

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपूर्वी गावोगावच्या मतदारांना आवाहन



येत्या २ ऑक्टोबरला तुमच्या गावात ग्रामसभा आहे. पुढच्या आर्थिक वर्षाचा गावविकास आराखडा याच सभेपासून आकार घेऊ लागतो. त्यानंतरच्या काही महिन्यांत तो कायम होतो आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. एकदा चढला की वर्षभर पैसा त्यातल्याच कामांना मिळतो. पाण्याची टाकी कोणत्या वस्तीत, गटार कुठून कुठपर्यंत, अंगणवाडीचे छत यंदा की पुढच्या साली, हे सगळे त्या कागदावर ठरते. मार्चमध्ये ग्रामपंचायतीसमोर कितीही आरडाओरडा केला तरी आराखड्यात नसलेले काम त्यात घुसत नाही.

म्हणून दोनच गोष्टी मागतो आहे. त्या दिवशी सभेला या. आणि सभेत जे ठरले ते तिथल्या तिथे, तुमच्या डोळ्यांसमोर प्रोसिडिंग बुकात उतरल्याशिवाय आणि सर्वांना वाचून दाखवल्याशिवाय जागचे उठू नका.

मागणी लहान दिसते, पण गावाचे स्वराज्य नेमके याच ठिकाणी गळते.

रजिस्टर घरोघरी का फिरते?

बहुतेक गावांतले चित्र तुम्ही पाहिलेले आहे. ग्रामपंचायतीच्या आवारात सतरंजी अंथरलेली असते. गांधीजींच्या फोटोला हार घातलेला असतो. टेबलामागे सरपंच, उपसरपंच, ग्रामसेवक. समोर पंचवीस-तीस माणसे, त्यातली निम्मी सदस्यांच्याच घरची. मागच्या सभेचे इतिवृत्त भराभर वाचले जाते. "मंजूर का?" असे विचारले जाते, पुढच्या रांगेतले दोघे-तिघे "मंजूर" म्हणतात. हजेरीचे रजिस्टर फिरते, चहा होतो, सभा संपते.

खरी सभा त्यानंतर सुरू होते. संध्याकाळी तेच रजिस्टर शिपायाच्या काखेतून दारोदार जाते. "काकू, एक सही द्या, कोरम भरायचा आहे." काकू पिठाचा हात पदराला पुसतात आणि बोट दाखवलेल्या जागी सही करतात. त्यांच्या सहीवरची ओळ मोकळी आहे की भरलेली, हे बघायचे त्यांच्या मनातही येत नाही. पुढे कधीतरी सवडीने प्रोसिडिंगच्या कोऱ्या पानांवर ठराव उतरतात. सूचक कोण, अनुमोदक कोण, हे लिहिणाराच ठरवतो आणि प्रत्येक ठरावाखाली शब्द येतात : "सर्वानुमते मंजूर." गावाचे गायरान एखाद्या प्रकल्पाला द्यायला, घरकुलाच्या यादीतून एखादे नाव वगळायला, न झालेल्या कामाचे बिल काढायला आपल्या सहीने संमती दिली आहे, हे काकूंना कळते तेव्हा उशीर झालेला असतो. कधी कधी तर ते कळतच नाही.

यात दोष फक्त ग्रामसेवकाचा नाही. ग्रामसेवकांचे पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे; त्यांच्यातल्या अनेकांकडे एकाहून जास्त गावांचा कारभार असतो आणि वरून अहवालाचा तगादा असतो. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब करावी लागते. कायद्याने ग्रामसभेला एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली जी संख्या कमी असेल तितके लोक हवेत. दोन हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे बसली की सभा कायदेशीर होते. ती शंभर माणसे आपण पुरवत नाही, म्हणून ती कागदावर पुरवली जातात. आपल्या गैरहजेरीची जागा आपल्याच सहीने भरून काढली जाते.

तहकूब सभेचा नियमही माहीत असू द्या. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा गणपूर्तीची अट राहत नाही. म्हणजे आपण आलो नाही तरी निर्णय थांबत नाहीत. ते मोजक्या माणसांत होतात आणि लागू साऱ्या गावाला होतात.

संविधानाने काय दिले, काय राखून ठेवले

दिल्लीची संसद आणि मुंबईचे विधानमंडळ आपण निवडून देतो, पण तिथे आपण स्वतः बसत नाही. ग्रामसभेत आपण स्वतः बसतो. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी निवडणूक लढवावी लागत नाही, पाच वर्षांनी मुदत संपत नाही, कोणी बरखास्त करू शकत नाही. देशाच्या संविधानात नागरिकाला स्वतः बसून कारभार करायला दिलेली ही जागा आहे.

ही जागा सहज मिळालेली नाही. संविधानाच्या मूळ मसुद्यात ग्रामपंचायतींचा उल्लेख नव्हता. नोव्हेंबर १९४८ मध्ये के. संतानम यांच्या दुरुस्तीमुळे कलम ४० आले, पण ते मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे न्यायालयात जाऊन बजावून घेता येणार नाही अशा भागात. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू केल्या आणि देशात नाव कमावले. तरी निवडणुका लांबणीवर टाकायच्या, संस्था बरखास्त करून प्रशासक बसवायचा, हे ठिकठिकाणी चालूच राहिले. १९८९ मध्ये पंचायतींना घटनात्मक दर्जा देणारे विधेयक राज्यसभेत अडले. अखेर ७३वी घटनादुरुस्ती झाली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती अमलात आली. दर पाच वर्षांनी निवडणूक, स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा, स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, राज्य वित्त आयोग आणि अकराव्या अनुसूचीतले २९ विषय त्यातून आले.

त्याच दुरुस्तीत एक मेख राहिली. कलम २४३क सांगते की ग्रामसभेला राज्य विधानमंडळ कायद्याने देईल तेच अधिकार असतील. संविधानाने ग्रामसभा जन्माला घातली, पण तिच्या हातात काय द्यायचे ते राज्याच्या मर्जीवर सोडले. केरळने १९९६ मध्ये लोकयोजना मोहीम सुरू केली आणि राज्याच्या योजना खर्चातला एक-तृतीयांशाहून जास्त वाटा स्थानिक संस्थांकडे वळवला. तिथे लोक सभेला बसले, कारण सभेच्या हातात पैसा होता. आपल्याकडे सभेला बसण्यात काय अर्थ, असे लोक म्हणतात, आणि लोक बसत नाहीत म्हणून सभेला जास्त काही द्यायची गरज सरकारला वाटत नाही. हे चक्र कुठूनतरी तोडावे लागेल. मुंबईतून ते तुटण्याची वाट पाहत तीस वर्षे गेली. आता ते गावातून तोडू या.

दोन जंगले, दोन ठराव

ग्रामसभेच्या ठरावात किती ताकद असते, हे ओडिशातल्या नियमगिरीने दाखवून दिले. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतल्या या डोंगरावर डोंगरिया कोंध लोक राहतात. नियमराजा हा त्यांचा देव. डोंगरमाथ्यावरच्या बॉक्साइटसाठी तिथे खाण प्रस्तावित झाली. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की या खाणीमुळे लोकांच्या वन व धार्मिक हक्कांवर काय परिणाम होतो, याचा विचार ग्रामसभांनी करावा. राज्य सरकारने त्यासाठी १२ गावे निवडली. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये एकेक सभा भरली. न्यायालयाच्या आदेशाप्रमाणे जिल्हा न्यायाधीश दर्जाचा न्यायिक अधिकारी निरीक्षक म्हणून समोर हजर होता. माणसे एकेक करून उठली, आपल्या भाषेत बोलली, आणि ते बोलणे नोंदले गेले. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. पुढे केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला परवानगी नाकारली. काही गावे तर अगदी मोजक्या घरांची होती. तेवढ्या माणसांचे म्हणणे देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहाला आणि राज्य सरकारला मानावे लागले.

आता छत्तीसगडमधल्या हसदेव अरण्याकडे पाहा. तिथेही दाट जंगल आहे, आदिवासी गावे आहेत, आणि जमिनीखाली कोळसा आहे. तिथल्या साल्ही, हरिहरपूर, घाटबर्रा या गावांच्या लोकांनी वर्षानुवर्षे एकच तक्रार केली आहे : खाणीला संमती देणारे ग्रामसभांचे जे ठराव सरकारदरबारी दाखवले जातात ते बनावट आहेत, आम्ही अशी संमती दिलेलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये हे लोक सुमारे ३०० किलोमीटर चालत रायपूरला गेले आणि ठरावांची चौकशी मागितली.

या दोन जंगलांमधला फरक नीट समजून घ्या. कायदा दोन्हीकडे एकच. लोकांचे जंगलावरचे प्रेमही सारखेच. नियमगिरीत ठराव लोकांसमोर आणि न्यायिक अधिकाऱ्यासमोर झाला, त्यामुळे तो फिरवणे कोणालाच शक्य झाले नाही. हसदेवच्या लोकांना मात्र "हा ठराव आमचा नाही" हे सिद्ध करायला पायपीट करावी लागली. आपल्या गावात जिल्हा न्यायाधीश येऊन बसणार नाही. तिथे निरीक्षक आपणच व्हायचे आहे.

आमच्या गावात आम्हीच सरकार

महाराष्ट्राला यासाठी ओडिशापर्यंत जायची गरज नाही. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव आहे. देवाजी तोफा आणि गावकरी, आणि त्यांच्यासोबत आयुष्य घालवलेले मोहन हिराबाई हिरालाल, यांनी तिथे घोषणा दिली : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. घोषणा पुष्कळ गावे देतात. मेंढ्याने तिच्यामागे कामाची पद्धत उभी केली. गावात अभ्यास गट बसतो आणि एखादा विषय, एखादा कायदा, एखादी अडचण यांवर खुली चर्चा करतो. तिथे निर्णय होत नाही, फक्त समजून घेतले जाते. निर्णय ग्रामसभेत होतो आणि तो सर्वसहमतीने होतो. बहुमताने कोणाला हरवले जात नाही. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो आणि त्याचे म्हणणे पुन्हा ऐकले जाते. त्याला वेळ लागतो, पण एकदा ठरले की गावात कोणी ते मोडत नाही.

वनहक्क कायदा २००६ मध्ये आला आणि २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला तरी बांबू विकायला वनखात्याचा वाहतूक परवाना लागत होता आणि तो मिळत नव्हता. गाव मागे हटले नाही. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती सोपवण्यात आले. आज गडचिरोली-गोंदियातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलाव स्वतः करतात, मजुरीचा दर स्वतः ठरवतात आणि हिशोब सभेत मांडतात. ज्या जंगलात लाकूडफाटा आणायला गेले तरी दंड भरावा लागे, त्याच जंगलाचा आराखडा आज गाव करते.

मेंढ्याची माणसे आपल्यासारखीच आहेत. फरक इतकाच की ती सभेला बसली, आणि सभेत ठरलेले लिहून घेतले.

बाबासाहेबांचा इशारा

इथे एक प्रश्न टाळून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्यांच्या गुणगानावर कडाडून टीका केली होती. खेडे म्हणजे संकुचितपणाचे, अज्ञानाचे आणि जातीयतेचे घर, असे त्यांचे म्हणणे होते, म्हणून संविधानाने व्यक्तीला एकक मानले याचा त्यांना आनंद होता. गावाला अधिकार द्या म्हणणाऱ्याने आधी बाबासाहेबांना उत्तर द्यायला हवे. गावात सत्ता आली की ती कोणाच्या वाड्यात जाईल? पाणी आधी कोणाच्या नळाला येईल? गायरानावर कसून खाणाऱ्या भूमिहीनाचे काय होईल?

हा धोका आजही खरा आहे. सभेत पुढच्या रांगेत कोण बसते आणि भिंतीला टेकून मागे कोण उभे राहते, हे पाहिले तरी गावाची उतरंड दिसते. पण त्यावर उपाय घरी बसणे हा नाही. दलित वस्तीने, भटक्या-विमुक्तांच्या पालाने, भूमिहीन कुटुंबांनी सभेला न जाणे म्हणजे ज्यांच्यापासून धोका आहे त्यांच्याच हातात सभा देणे. एकटे जाऊ नका, जमून जा. वस्तीची मागणी आधी बसून लिहा, दोघांनी मिळून वाचा, सूचक-अनुमोदकाची नावे आपल्यातली द्या. संविधानाची मूलभूत हक्कांची ढाल तुमच्या पाठीशी आहे. ग्रामसभेचा कोणताही ठराव कोणाच्या समतेवर घाला घालू शकत नाही. अस्पृश्यता पाळणारा, बहिष्कार टाकणारा ठराव सर्वानुमते झाला तरी तो बेकायदाच.

बायांनो, तुमच्यासाठी कायद्याने आणखी एक दार ठेवले आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. ती झाली का, हे विचारा. झाली नसेल तर घ्यायला लावा. तिथे मोकळेपणाने बोला आणि तिथले ठराव मुख्य सभेत वाचायला लावा. तुमच्या एकजुटीची ताकद गावांनी पाहिली आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या एक-चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानासाठी मतदान घेता येते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली असते. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. महाराष्ट्रात कितीतरी गावांतल्या बायकांनी ती बाटली आडवी केली आहे. गुत्तेवाल्याच्या धमक्या, नवऱ्याची मारझोड सोसून त्या रांगेत उभ्या राहिल्या. त्यांना जे जमले ते सभेला येऊन एक ठराव लिहून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड होते.

पाड्यावरच्या माणसांसाठी

महाराष्ट्रातल्या १३ जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे : पालघरपासून गडचिरोलीपर्यंत, नंदुरबारपासून नांदेडपर्यंत. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने या भागाला वेगळे संरक्षण दिले आणि दिलीपसिंह भुरिया समितीच्या अहवालानंतर १९९६ च्या डिसेंबरमध्ये संसदेने पेसा कायदा केला. बाकी ग्रामसभांना राज्य देईल तेवढेच मिळते. अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला काय द्यावेच लागेल, हे पेसाने राज्यांना बजावले. इथे विकासाच्या योजनेला अंमलबजावणीपूर्वी ग्रामसभेची मंजुरी लागते. योजनेचे लाभार्थी ग्रामसभा निवडते. खर्च झालेल्या पैशाचे उपयोगिता प्रमाणपत्र पंचायतीला ग्रामसभेकडून घ्यावे लागते. गौण वनोपजाची मालकी, सावकारीवर नियंत्रण, हातची गेलेली आदिवासी जमीन परत मिळवणे, हे सगळे या कायद्यात आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानेही अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची पूर्वसंमती सांगितली आहे.

महत्त्वाची गोष्ट अशी की पेसात गाव म्हणजे कागदावरचे महसुली गाव नव्हे. जी वस्ती, जो पाडा आपल्या रीतिरिवाजाने आपला कारभार पाहतो, ते गाव. महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनी पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून जाहीर होण्याची वाट खुली केली आहे. त्यासाठी पाड्यातल्या मतदारांनी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्याकडे पाठवायचा. जव्हार-मोखाड्यातल्या, धडगाव-अक्कलकुव्यातल्या, एटापल्ली-भामरागडमधल्या पाड्यांनो, चार-पाच मैलांवरच्या ग्रामपंचायतीत तुमच्या वतीने कोणीतरी हात वर करतो, ही पाळी तुमच्यावर येऊ नये, म्हणून ही वाट आहे. आदिवासी उपयोजनेच्या निधीतला पाच टक्के अबंध निधी ग्रामपंचायतींना थेट मिळतो. त्यातला तुमच्या पाड्याचा वाटा किती, तो कोणत्या कामावर गेला, हे विचारायचा हक्क तुमचा आहे.

शहरातल्या वाचकांनो

हे आवाहन गावाचे आहे म्हणून पान उलटू नका. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आहे आणि तिच्यात नगरपालिकांची निवडणूक मुदत संपण्यापूर्वी व्हावी असे स्पष्ट लिहिले आहे. तरीही मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर तीन वर्षांहून जास्त काळ देशातल्या सर्वांत श्रीमंत पालिकेचा कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यातल्या इतर महापालिका आणि जिल्हा परिषदांचीही हीच गत होती. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावे लागले. त्या काळात किती मोर्चे निघाले? नगरसेवक नाही म्हणून कोणाचे अडले, असे किती सुशिक्षितांनी बोलून दाखवले? अडले होते. रस्त्याचा खड्डा, नाल्याची सफाई, कोट्यवधींच्या ठेकेदारीचा हिशोब कोणत्याही लोकनियुक्त सभागृहात मांडावा लागत नव्हता.

शहरांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ पासून महाराष्ट्राच्या पालिका कायद्यांत आहे. म्हणजे आपल्या मोहल्ल्याच्या मतदारांनी एकत्र बसून प्रभागाची कामे सुचवायची. तुमच्या भागात अशी सभा शेवटची कधी भरली? ती भरवा म्हणून नगरसेवकाला लेखी पत्र द्या आणि सोसायटीतल्या दहा जणांच्या सह्या त्यावर घ्या. त्याबरोबर आणखी एक करा : तुमचे आई-वडील, चुलते गावी असतील तर २ ऑक्टोबरच्या सभेला जा म्हणून त्यांना आजच फोन करा.

नेमके काय करायचे

१. सभेची नोटीस किमान सात दिवस आधी लागली पाहिजे आणि दवंडी पिटली पाहिजे. नोटिशीवरचे विषय मोबाइलवर टिपून ठेवा आणि वस्तीच्या ग्रुपवर टाका.

२. आपल्या वस्तीची मागणी सभेआधी कागदावर लिहा. काम कोणते, जागा कोणती, किती घरांना उपयोग, हे त्यात असू द्या. दोन प्रती करा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या.

३. हजेरीच्या रजिस्टरवर सही करण्यापूर्वी पानाच्या माथ्यावर तारीख, ठिकाण आणि सभेचा प्रकार लिहिला आहे का, ते बघा. नसेल तर आधी लिहायला सांगा. सभा संपल्यावर घरी आलेल्या रजिस्टरवर सही करू नका, मग ते घेऊन येणारा कितीही जवळचा असो.

४. मागच्या वर्षीच्या आराखड्यातली कामे एकेक करून वाचायला लावा. झाले का, किती खर्च, एमबीवर (कामाच्या मोजमाप वहीवर) कोणाची सही, हे विचारा. आवाज चढवू नका. प्रश्न शांतपणे विचारला की त्याचे उत्तर द्यावे लागते.

५. प्रत्येक ठराव झाल्यावर तो लिहून होईपर्यंत थांबा. तो मोठ्याने वाचून घ्या. सूचक आणि अनुमोदक हे सभेत हजर असलेलेच असावेत. विरोध असेल तर तोही नोंदवायला सांगा. शेवटच्या ठरावाखाली उरलेल्या कोऱ्या जागेवर रेघ मारून मग सह्या करा.

६. मंजूर इतिवृत्ताची प्रत मागा. मिळाली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्रत शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या फळ्यावर लावा.

७. सरपंच सबळ कारणाशिवाय ग्रामसभाच घेत नसेल तर त्याला अपात्र ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा.

या सगळ्यात भांडणाला जागा नाही. सरपंच आपल्यातलाच, ग्रामसेवकही आपल्याच गावासाठी राबणारा. जो सरपंच प्रामाणिक आहे त्याला भरलेल्या सभेचा आधारच वाटेल, कारण ठेकेदाराच्या आणि पुढाऱ्याच्या दबावाला "गाव मान्य करत नाही" असे तो ठामपणे सांगू शकेल. त्रास ज्याला होईल त्याचीच चौकशी व्हायला हवी.

पुण्या-मुंबईत, सुरतेत, हैदराबादेत कामाला असलेल्या आणि गावच्या यादीत नाव असलेल्या तरुणांनो, तुम्ही जत्रेला येता, लग्नाला येता, मतदानाला गाडी करून येता. यंदा एक दिवस सभेसाठीही काढा. पाच वर्षांतून एकदा मत देऊन नेता निवडता येतो. कारभार करायचा तर सभेत बसावे लागते, आणि संविधानाने तिथली तुमची जागा कायमची राखून ठेवली आहे.

उद्यापर्यंतही थांबू नका. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेची नोटीस लागली आहे का, हे आजच जाऊन बघा. लागली असेल तर तिचा फोटो काढून शेजारच्या पाच घरांना पाठवा. लागली नसेल तर लेखी विचारणा करा, पोच घ्या, आणि सभेला येताना त्या पाचही घरांतल्या माणसांना बरोबर घेऊन या.

आपला,
ग्रामसभांसोबत काम करणारा एक कार्यकर्ता